मोटारीतली गंगाजळी

मोटारीत चढणाऱ्या माणसाचं तोंड मी कधी आधी पाहिलं नाही. आधी त्याचे हात पाहायचो, मग काखोटीला काय आहे ते, मग चाल. तोंडं सगळ्यांचीच गरीब असतात. चोराचं तर सगळ्यांत गरीब. पण ज्याच्या बोचक्यात काचेची बाटली आहे, तो माणूस मोटारीच्या पायरीवर पाय ठेवताना दुसऱ्यांसारखा धबकन चढत नाही. नव्या नवरीसारखा जपून चढतो. असा कुणी जपून चढला, की मी म्हणायचो, “या पाव्हणं, तुम्ही माझ्याजवळच बसा.”

वाशीम-हिंगोली मोटारीवर मी कंडक्टर होतो. हे एसटीच्या आधीचं, पन्नास सालानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतलं. तेव्हा मोटारी खाजगी मालकांच्या असत. लाकडी बाक, ताडपत्रीचे पडदे, पुढे हँडल मारून चालू होणारं इंजिन, आणि अर्ध्या वाटेत तापून फुसफुसणारं रेडिएटर. वाशीम आमच्या वऱ्हाडात आणि हिंगोली हैदराबादच्या हद्दीत. मधे नाका. आता मुलांना सांगितलं तर खोटं वाटतं, पण नाक्याच्या अलीकडे दारूबंदी होती आणि पलीकडे दारूचं दुकान राजरोस उघडं. पलीकडे जो माणूस गिऱ्हाईक, तोच नाका ओलांडला की आरोपी. आणि या दोन्हींच्या मधून आमची मोटार रोज जायची-यायची.

मोटारीत ठळक अक्षरांत पाटी लावलेली होती: ‘मद्य घेऊन बसण्यास सक्त मनाई आहे.’ तिच्याखाली टेकून बसायला लोकांना फार आवडायचं. तुम्ही म्हणाल, ज्याची बाटली तो तुरुंगात जाईल, कंडक्टरला काय? इथंच खरी मेख होती. बाटली कुणाच्या हातात सापडली तर तो माणूस आत. पण बाकाखाली बेवारशी सापडली तर मोटार जप्त. आणि नाक्यावरचा जमादार पायरीवर चढला, की बघता बघता सगळ्या बाटल्या बेवारशी व्हायच्या. ज्यानं हिंगोलीपासून बाटली मांडीवर जोजवत आणली, तोच बोट दाखवून विचारायचा, “हे कोनाचं हाय बावा?”

म्हणून आमच्या मालकांनी मला नेमताना एकच सांगितलं होतं. तिकीट एखादं चुकलं तरी चालेल, पण कुठलं बोचकं कुणाचं हे तुला झोपेतही ठाऊक पाहिजे. “आपल्या मोटारीत देवाचा बाप बसला तरी त्याचं बोचकं हुंगून घे,” हे त्यांचे शब्द. मी ते फार मनावर घेतले. माझं नाक त्या रस्त्यावर बदनाम झालं. बायका मला ‘हुंग्या’ म्हणायच्या, तोंडावरच.

मोहाच्या दारूला एक आंबूस-गोडसर वास असतो. तो लपवायला लोक काय काय करत! कुणी बाटलीभोवती कांदे बांधायचा, कुणी हिंगाची पुडी सोडून ठेवायचा. त्यामुळे उलटंच व्हायचं. ज्याच्याकडून उगाच जास्त वास येई, त्याचंच बोचकं मी आधी सोडायला लावायचो. एकदा एक जण अत्तरात न्हाऊन आला. लग्नाला चाललोय म्हणाला. मी विचारलं, नवऱ्या मुलाचं नाव काय? तो विचारात पडला. त्याच्या शिवलेल्या गादीत कापसाच्या जोडीला बरंच काही निघालं. वाळलेल्या भोपळ्यात दारू भरून, वर देठ चिकटवून आणणारा एक माळी होता. भोपळा हुबेहूब होता, पण वाटेतल्या पुलावर मोटार आदळली, की तो पोटातून बोलायचा.

आणि एक आमचे गुरुजी. नाव सांगत नाही, त्यांचे विद्यार्थी अजून आहेत. दारूबंदीच्या सभेत त्यांचं भाषण ऐकून बाया रडायच्या. त्यांची पिशवी हुंगायला मलाच लाज वाटली, म्हणून सोडून दिली. आता शिंदीचं असं असतं, की ती बाटलीत गप्प बसत नाही. उन्हानं आणि हादऱ्यानं फुगते. नाका अजून दूर होता, तेवढ्यात गुरुजींच्या मांडीखाली बार उडाला आणि त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. सगळी मोटार वळून पाहू लागली. गुरुजी शांतपणे म्हणाले, “सिरका आहे. लोणच्यासाठी.” त्या दिवसापासून मी लाज वाटून घेणं सोडलं.

आता गंगाजळीचं सांगतो.

काशीला गेलेला माणूस गंगेचं पाणी तांब्याच्या गंगाजळीत भरून, तिचं तोंड लाखेनं बंद करून आणतो, हे सगळ्यांना माहीत आहे. ती वाटेत जमिनीवर टेकवायची नाही, वाटेत उघडायची नाही. घरी आल्यावर मावंदं घालायचं, गावजेवण द्यायचं, आणि सगळ्यांदेखत ती फोडून तीर्थ वाटायचं. वाटेत फुटली तर यात्रा फुकट गेली, असं लोक मानत. त्यामुळे गंगाजळीला कुणी हात लावत नसे. जमादार नाही, मी नाही. आणि ज्याला कुणी हात लावत नाही, तिथं दारू जाणार हे ठरलेलंच होतं. एके दिवशी नाक्यावर एका यात्रेकरूच्या हातून गंगाजळी पडली, लाख फुटली, आणि नाकं सगळ्यांचीच तीक्ष्ण झाली. तेव्हापासून जमादारानं हुकूम काढला, की गंगासुद्धा उघडून दाखवायची. मालकांनी मला बजावलं, की नाही उघडली तर बाईमाणूस असो की बुवा, खाली उतरवायचं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सरुबाई चढली.

मेडशीची माळीण. रंगानं काळी, हाडानं काटक, कपाळ मोकळं. आगगाडी चुकली म्हणून मोटारीला आलेली. छातीशी गंगाजळी धरलेली, आणि तिच्याभोवती गुलाबी फेट्याचा तुकडा गुंडाळलेला. मी विचारायच्या आधीच तिनं सगळ्या बाकाला आपली हकिकत सांगून टाकली. नवऱ्यानं काशी-रामेश्वर बोललेलं होतं. वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यात सगळा जन्म गेला, जायला जमलं नाही, आणि मागच्या साली तो वारला. मरताना म्हणाला, माझी गंगा तू आण. म्हणून ती हिंगोलीकडच्या आपल्या भावाच्या मंडळींबरोबर गेली, काशी झाली, रामेश्वर झालं, भाऊ हिंगोलीला राहिला आणि ती एकटी घरी निघाली. तो फेटा नवऱ्याचा होता.

“मोटार येईपर्यंत कुठं होतीस?” मी विचारलं.

“धरमशायेत. आंग धुतलं, अन् आलो.”

“आणि गंगाजळी?”

“खुटीले टांगली होती. भुईवर ठेवतेत काय? तुले एवढंही नाही समजत?”

मी नाक पुढे केलं. लाखेचा वास, फेट्याला धुराचा वास. बाकी काही नाही. तिनं गंगाजळी पदराखाली ओढून घेतली. “पाह्य, हात लावशील तं मोडून टाकीन.”

त्याच मोटारीत आणखी एक गंगाजळी होती. पुढच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते, स्वच्छ टोपी, अंगावर उपरणं, तोंडात पान. त्यांच्याजवळ तशीच तांब्याची, तशाच काळपट लाखेची गंगाजळी लाल फडक्यात बांधलेली. मी म्हटलं, आज दोन-दोन गंगा. नाक्यावर तमाशा होणार.

झालाच. जमादार चढला आणि सरळ सरुबाईसमोर उभा राहिला. “खोल.” ती म्हणाली, “माहा गया काप, पन हे खोलत नाही.” जमादार म्हणाला, मग उतर. ती उतरेना. मोटारीतली माणसं आधी तिच्या बाजूची होती. वेळ जाऊ लागला तशी ती बदलत गेली. ऊन चढत होतं, वाशीमला कुणाची कोर्टात तारीख होती, कुणाची गाडी. एक जण कुजबुजला, “एवढं साफ असन तं कायले भेते?” दुसरा म्हणाला, “रांडमुंड बाया आजकाल हाच धंदा करून राह्यल्या.” तिला ते ऐकू गेलं. तिनं मान वर केली नाही, नुसता फेट्याचा पीळ घट्ट केला.

खरं सांगायचं तर मलाही संशय होता. संशयाशिवाय माझ्याजवळ दुसरं होतं काय?

तेव्हा ते पुढचे गृहस्थ उठले. “जमादारसाहेब,” ते म्हणाले, “म्हातारीला छळू नका. माझी फोडा. माझ्यात पाणी निघालं तर तिच्या गंगेला हात लावायचा नाही. आहे कबूल?” आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी लाल फडकं सोडून गंगाजळी जमादाराच्या हातात दिली. जमादारानं चाकूनं लाख उडवली, हुंगलं, तळहातावर थोडं ओतलं. पाणी. तो बिचारा वरमला. ते पाणी त्यानं डोळ्यांना लावलं, हात जोडले आणि खाली उतरून गेला. सगळी मोटार त्या गृहस्थांची वाहवा करू लागली. सरुबाई उठून त्यांच्या पाया पडली. “देवमानूस हायेस तू बाप्पा. माह्यासाठी आपली गंगा फोडली!”

मोटार हलली. मी पायरीवर उभा होतो आणि माझी नजर त्या देवमाणसावरून हलत नव्हती.

मी यात्रेकरू पुष्कळ पाहिले होते. एका शेतकऱ्याच्या गंगाजळीला बारीक भोक पडून पाणी झिरपलं होतं, तर तो दाढी-मिशांचा बाप्या वाशीम येईपर्यंत लहान पोरासारखा रडत होता. आणि या माणसाची गंगा भर नाक्यावर चाकूनं फोडली, तर त्यानं ती उघडी गंगाजळी बाकाखाली सरकवली होती. वहाणांशेजारी. आणि नवीन पान लावत होता. काशीहून गंगा आणलेला माणूस ती वहाणांशेजारी ठेवतो? ज्याची आहे तो ठेवत नाही. मग ती त्याची नव्हती. मग कुणाची? आणि त्याची कुठं होती?

मी सरुबाईच्या पदराकडे पाहिलं. धर्मशाळेतली खुंटी. फेट्याचा तुकडा एका गंगाजळीवरून काढून दुसरीवर बांधायला किती वेळ लागतो?

पुढे एका विहिरीशी आमची मोटार रोज थांबायची, रेडिएटरमध्ये पाणी घालायला. ड्रायव्हर गफूरमियाँ, माझ्याहून वयानं मोठे, शांत माणूस. त्यांच्या कानाला लागून मी म्हटलं, “मियाँ, आज जरा सावकाश पाणी घाला.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

माणसं उतरली. सरुबाईलाही तहान लागली होती, पण हातातलं ठेवणार कुठं? मी पुढे झालो. “द्या, मी धरतो.”

“तुह्याजवय? तुह्या नाकाचा काय भरोसा!” तिनं आजूबाजूला पाहिलं, आणि त्या गृहस्थांकडे गंगाजळी दिली. “याच्याजवय देतो. यानं माही अब्रू राखली.” ते म्हणाले, “द्या आजी, बिनघोर जा.” त्यांनी ती छातीशी धरली, बाकाखालची आपली काखेत मारली, आणि सावलीला म्हणून मोटारीच्या मागे गेले.

मी दुसऱ्या बाजूनं वळसा घालून गेलो. दोन्ही गंगाजळ्या त्यांच्या पुढ्यात होत्या, आणि फेट्याचा तुकडा त्यांच्या हातात. फोडलेलीवर तो बांधायला त्यांनी सुरुवातही केली होती. मी मनगट धरलं.

आरडाओरडा नाही, झटापट नाही. एवढा निगरगट्ट माणूस मी नोकरीत दुसरा पाहिला नाही. “अर्धी तुमची,” तो म्हणाला. चांगल्या मालाची आहे, असंही म्हणाला. तोवर मागून गफूरमियाँ आले. त्यांच्या हातात हँडल होतं, तेव्हा कुठं त्याचं पान चघळायचं थांबलं.

मी विचारलं, “ही फोडलेली म्हातारीची आहे ना?”

“तिचीच.”

“खरं?”

“शपथ घेऊ?”

“कुणाची घेशील?”

“गंगेची,” तो म्हणाला. हातातच होती. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता काय करायचं? कायद्यानं त्याला वाशीमच्या ठाण्यात नेऊन द्यायला हवं होतं. पण ठाण्यात काय होतं हे मी बघितलेलं होतं. दोन्ही गंगाजळ्या मुद्देमाल म्हणून कोठडीत पडणार. मोटार जप्त, कारण नाका ओलांडूनही दारू आमच्या मोटारीत होती आणि कंडक्टर पायरीवर उभा होता. आणि सरुबाईच्या मांडीवर दारू होती, हे शपथेवर सांगणारे साक्षीदार मोटारभर. ती म्हातारी कुणाकुणाला पटवणार? गफूरमियाँ हळूच म्हणाले, “दामूभाई, बुढियाची गंगा कोर्टात सडन. याले इथंच सोडा. अन् ते नाल्यात ओता.”

त्यालाच ओतायला लावलं. मी बाजूला उभा राहून धार पाहिली, शेवटी त्याच्या हातून हिसकावून मीच पालथी केली, थेंबभर तरी ठेवेल म्हणून. वास नाकात शिरला. हातावरही उडालं. तो माणूस टोपी नीट करून शेतांमधल्या पांदीच्या वाटेनं चालता झाला, जणू त्याचं शेत तिकडेच होतं.

राहिली ती उघडी गंगा. पाणी फारसं कमी झालेलं नव्हतं, जमादारानं तळहातापुरतंच सांडलं होतं. आमच्याकडे पार्सलं बंद करायला लाखेची कांडी असायची. मी काडी ओढली, झाकणाभोवती लाख गाळली आणि हाताच्या सवयीनं तिच्यावर कोटाचं पितळी बटण दाबलं. पार्सलांवर मी तसंच करायचो, मालकांचा शिक्का हरवला होता तेव्हापासून. बटण उचललं तेव्हा लक्षात आलं, की काशीच्या पंड्याची लाख काळपट होती आणि ही लालभडक. पण माणसं मोटारीत बसत होती. मी वरून फेटा गुंडाळला आणि गाठ मारली.

“तो भला मानूस कुठी गेला?” सरुबाईनं गंगाजळी घेताना विचारलं.

“त्याचं गाव इथून जवळ पडतं. शेतातून गेला. तुमची गंगा माझ्याजवळ देऊन गेला.”

 तिच्या नाकपुड्या हलल्या. मग तिनं माझा हात धरून नाकाशी नेला आणि सगळ्या मोटारीला ऐकू जाईल असं म्हणाली, “अवं माय! याच्या हाताले वास येऊन राह्यला! दुसऱ्याची बोचकी हुंगते अन् सोता मोटारीमांगं ढोसते! आता समजलं नाक एवढं कायले चालते ते.”

मोटार हसहसून आडवी झाली. इतक्या वर्षांचा वचपा होता तो.  खरं सांगावं तर तिची यात्रा बुडते आणि मालकाची मोटार जाते. गफूरमियाँ स्टेअरिंग धरून समोर बघत राहिले.

वाशीमला उतरल्याबरोबर तिनं बुकिंगवाल्याला सांगितलं, बुकिंगवाल्यानं मालकांना. मालक शहाणे. त्यांनी मला काही विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी चावी देताना ते नको इतके जवळ येऊन बोलू लागले. आमच्या घरातही तेच. कोटाची कॉलर नीट करायच्या निमित्तानं बायको जवळ यायची आणि क्षणभर थांबायची. मी लोकांची बोचकी हुंगत होतो तेव्हा त्यांना काय वाटत असेल, हे मला तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं. रागही आला, सगळ्यांचाच.

मग एके दिवशी मेडशीकडच्या मोटारीचा ड्रायव्हर माझ्याकडे निरोप घेऊन आला. सरुबाईकडे मावंदं आहे, आणि त्या हुंग्या कंडक्टरला घेऊनच ये, असं तिनं सांगितलंय. मी म्हटलं, कायले? तो म्हणाला, मला काय ठाऊक, पण बाई चिडलेली दिसते. माझी खात्री झाली, की गावासमोर माझी शोभा करायची आहे. जाऊ नये असं दहादा मनात आलं. गफूरमियाँ म्हणाले, “जा. नाही गेले तं लोक म्हनतीन, पेऊन पडला असन.”

मेडशीला तिच्या अंगणात मांडव घातला होता. चुलाणावर वरण शिजत होतं. पाटावर केळीच्या पानावर गंगाजळी. फेटा सोडून बाजूला घडी करून ठेवलेला. तिच्याभोवती गावची जाणती माणसं, आणि भटजी हाताची घडी घालून बसलेले. जेवणाची वेळ टळली होती, पण पंगत बसली नव्हती. मी अंगणात पाऊल टाकलं आणि सगळ्या माना वळल्या.

“आला,” सरुबाई म्हणाली. ती उठून आली, माझ्या कोटाचं बटण धरलं, वाकून पाहिलं, मग गंगाजळीच्या लाखेकडे पाहिलं. “हे तुहंच बटन हाये न?”

“हो.”

भटजी म्हणाले, “मी हेच म्हणत होतो. ही लाख काशीची नाही. उघडलेली गंगा आहे. आत काय आहे कोण जाणे. याचं मावंदं कसं करायचं?”

कुणीतरी मागून म्हणालं, “बुढ्याच्या नशिबातच नव्हती गंगा.”  सरुबाईनं मला दंडाला धरून गोठ्याकडे नेलं. “आता सांग. खोटं बोलशील तं तुह्या लेकराची आन हाये तुले.”

मी सगळं सांगितलं. धर्मशाळेची खुंटी, तो देवमाणूस, वहाणा, विहीर, नाला, लाख. ती गाईच्या पाठीवर हात ठेवून ऐकत होती. देवमाणसाचं सांगितलं तेव्हा तिनं डोळे मिटले. ती त्याच्या पाया पडली होती.

“म्हंजे नाक्यावर फोडली ते माही होती.”

“हो.”

“हे कोन म्हनलं तुले?”

“तोच म्हणाला.”

“चोर?”

“हो.” 

 बाहेर पंगतीची पोरं भुकेनं कुरकुरत होती. मग तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पायरीवर उभा राहून माणसांकडे पाहायचो. आधी हात, मग तोंड. “चोराचं सोड. तू सांग. माह्या मानसाची गंगा हाये का नाही? एवढंच सांग. तू जे म्हनशीन ते मी मानीन.”

मला त्या चोराचा शब्दही खरा वाटत नव्हता. त्यानं धर्मशाळेत आणखी किती खुंट्यांवर हात मारला होता कुणास ठाऊक. ते पाणी काशीचं होतं की हिंगोलीच्या आडाचं, हे मला आजही सांगता येणार नाही. पण आयुष्यात माझ्यावर कुणी एवढा भरवसा टाकला नव्हता.

“तुझीच आहे,” मी म्हणालो.

तिनं नाक पुसलं, पदर नीट केला आणि माझ्या पुढे चालत मांडवात गेली. “ऐका बाप्पा सारे,” ती म्हणाली. “लाख वाटंत फुटली. या मोटारवाल्यानं पुन्हा लावली. मी याले पेताड म्हनलो, ते माह्या तोंडानं गेलं, माह्या तोंडानंच परत घेतो. यानं एक थेंब घेतला नव्हता. अन् भटजी, हा हिंगोलीच्या रस्त्यानं साऱ्या मुलखाची बोचकी हुंगते, सक्ख्या बापाले सोडत नाही. याच्या नाकापासून कोनाचंच काही लपत नाही, हे तुमीच सांगता न? मंग झालं तं. याच्या नाकाखालून आलेली गंगा हाये ते. त्याच्यावर काहून संशय?”

भटजींनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. त्यांतले निम्मे माझ्या मोटारीतून गेलेले होते आणि त्यांची बोचकी मी सोडायला लावलेली होती.  भटजींनी घंटा वाजवली, लाख फोडली, आणि सरुबाईनं पहिलं तीर्थ त्या घडी केलेल्या फेट्यावर शिंपडलं. तेव्हा कुठं ती रडली.

मग पंगतीला तीर्थ आलं. ज्याच्या हातावर पडे, तो प्यायच्या आधी एकदा माझ्या तोंडाकडे बघे, मी मान हलवे, आणि तो पिऊन टाके. पाण्याला वास नसतो आणि त्यापुढे माझं नाक मुळीच चालत नाही, हे मी त्या मांडवात कुणालाच सांगितलं नाही.